पुणे सायकल आराखडा

पुणे शहरात सायकलचा वापर वाढावा, यासाठी पुणे महानगरपालिकेने तयार करविलेली दीर्घ मुदतीची योजना. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने ती डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केली. ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची जुनी ओळख. तथापि ती रूढ झाली त्या काळी सायकलसाठी कसलाही आराखडा नव्हता. तो आला सायकल रस्त्यांवरून जवळजवळ हटल्यानंतर. म्हणून या योजनेचा विचार करताना सायकल पुण्यात का रुजली व का मागे पडली, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर, मुठा नदीच्या काठी वसलेल्या जुन्या पुण्याची जमीन बरीचशी सपाट असून हवा सौम्य आहे. पेठा, डेक्कन जिमखाना, फर्ग्युसन (१८८५) व सर परशुरामभाऊ (१९१६) ही महाविद्यालये एकमेकांपासून सायकलने काही मिनिटांच्याच अंतरावर होती. विद्यार्थी, कारकून, शिक्षक, तसेच खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील (१८६९) व पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समधील (१९५४) कामगार या सर्वांना परवडणारे वाहन एकच होते. ज्यांना ते विकत घेणे शक्य नसे, त्यांना पेठापेठांतील दुकानांतून ताशी भाड्याने सायकल मिळे. सायकलवर कर असे व तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिव्याविना सायकल चालविणे आणि ‘डबलसीट’ जाणे हे गुन्हे होते. अशा वेळी पोलीस चाकांतील हवा सोडून देत, ही आठवण जुन्या पुणेकरांकडून अजून ऐकावयास मिळते. वेगळ्या सायकलमार्गाची उणीव त्या काळी कोणास भासली नाही, कारण रस्त्यावरील रहदारीची गतीच सायकलने ठरविलेली होती.

ही गती स्वयंचलित दुचाकींनी बदलली. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे या पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या महिला म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या काळी ते नवल होते. साठोत्तरी काळात शहरालगत आकुर्डी येथे बजाज कंपनीच्या स्कूटर तयार होऊ लागल्या व त्यांसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबू लागले. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या ‘लूना’ या हलक्या वाहनाने सायकलस्वाराला स्कूटरच्या किमतीआधीची एक पायरी उपलब्ध करून दिली. अपुरी बससेवा हेही या बदलाचे एक मोठे कारण होय. दरम्यान शहर पसरले. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेच्या हद्दीत आली (त्यांपैकी काही पुढे वगळली गेली). २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावांची भर पडून क्षेत्र सु. ५१६ चौ. किमी. झाले. घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर पायांच्या आवाक्याबाहेर गेले. जंगली महाराज व फर्ग्युसन महाविद्यालय हे रस्ते एकेरी करण्यात आले, त्याचा वळसा मोटारीला जाणवला नाही. सायकलस्वाराला मात्र तो जाणवला.

केंद्र शासनाने २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, असे म्हटले. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा जलद बसमार्ग सुरू झाला. त्याच्या कडेने, तसेच इतर काही रुंद रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधले गेले. ते चौकाशी आल्यावर संपत, म्हणजे धोका जेथे सर्वांत अधिक तेथेच. अध्येमध्ये विजेचे खांब, बसथांबे, विक्रेते आणि उभी केलेली वाहने यांनी ते अडले. सायकलस्वारांनी ते टाळले व मार्ग ओस पडल्याचे पाहून सायकलला मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जाऊ लागला. हा निष्कर्ष चुकीचा होता. पूल अर्धाच बांधून त्यावरून कोणी जात नाही, असे म्हणण्यासारखेच ते होते.

२०१७ च्या आराखड्याने ही त्रुटी ओळखली. सुटे मार्ग न बांधता सु. ८२४ किमी. लांबीचे परस्परांशी जोडलेले जाळे उभारावे, असे त्यात सुचविले असून खर्चाचा अंदाज सु. ३३५ कोटी रु. होता. मोठ्या रस्त्यांवर स्वतंत्र मार्ग, लहान रस्त्यांवर रंगाने आखलेली पट्टी, सायकली ठेवण्याच्या जागा व सार्वजनिक भाडे-सायकल ही त्याची प्रमुख अंगे होत. यांपैकी सर्वांत प्रथम दृष्टीस पडले ते शेवटचे, कारण त्यासाठी रस्त्यावरील जागा कोणाकडून काढून घ्यावी लागत नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आवारात व औंध भागात भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ आणखी कंपन्या उतरल्या आणि एक-दोन वर्षांत त्यांच्या बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. मोडतोड व चोरी ही कारणे पुढे आली. त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, कुलूप उघडण्यासाठी स्मार्टफोन लागे. पेठेतील जुन्या भाड्याच्या दुकानाला एवढेही लागत नसे.

वृत्तपत्रे व दूध पोहोचविणारे, रखवालदार, बांधकाम-मजूर आणि शाळकरी मुले सायकलचा वापर करीत राहिली. गरज म्हणून सायकल चालविणारा हा वर्ग प्रायः मुख्य रस्त्याच्या डाव्या कडेने, बसच्या शेजारून जातो. २०१८ मध्ये पुण्यातील नोंदणीकृत मोटारवाहनांची संख्या सु. ३६ लाख, म्हणजे शहराच्या लोकसंख्येहून अधिक झाल्याची बातमी गाजली. सायकलला नोंदणी नाही आणि बिल्ला केव्हाच बंद झालेला आहे. रस्त्याची जागा वाटताना मोजली जातात ती नोंदलेलीच वाहने.