‘टू’ : दोन की ‘पर्यंत’?

१९ फेब्रुवारी १९८९ ची पहाट. ‘फ्लाइंग टायगर’ या अमेरिकी मालवाहू कंपनीचे बोइंग ७४७ विमान सिंगापूरहून निघून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे उतरत होते. नियंत्रण कक्षातून आदेश आला : ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’

नियंत्रकाच्या मनात होते २४०० फूट. त्याने आकडे सुटे सुटे उच्चारले होते : टू, फोर, झीरो, झीरो. विमानातल्यांनी मात्र पहिला ‘टू’ आकडा म्हणून ऐकलाच नाही. त्यांच्या लेखी आदेश होता ‘४०० फुटांपर्यंत खाली या’ असा. वैमानिकाने आदेश परत उच्चारून दाखवला, तेव्हा त्यात फक्त ‘फोर झीरो झीरो’ होते. गळालेला ‘टू’ कोणाच्याच ध्यानात आला नाही. विमान खाली येत राहिले आणि धावपट्टीच्या अलीकडे एका टेकडीवर आदळले. विमानात चार माणसे होती. एकही वाचले नाही.

हा आदेश देवनागरीत लिहिला की घोटाळा जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण देवनागरी उच्चार लिहिते. दोन्ही ‘टू’ एकच दिसतात. इंग्रजीत मात्र दोनाच्या आकड्याला तीन अक्षरे आहेत आणि दिशा दाखवणाऱ्या शब्दाला दोन. तो आदेश कागदावर लिहून दिला असता, तर तो चुकीचा वाचणे जवळजवळ अशक्य होते.

या तिसऱ्या अक्षराची कथा हजार वर्षांची आहे. जुन्या इंग्रजीत दोनासाठी ‘ट्वा’ असा उच्चार होता आणि दिशादर्शक शब्दाचा उच्चार होता ‘टो’. ऐकणाऱ्याचा गोंधळ होण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे ‘ट्वा’मधला ‘आ’ ओठांचा चंबू करत ‘ओ’कडे सरकला, आणि त्या गोलाईत ‘व’ विरघळून गेला. जिथे पुढचा स्वर गोल नव्हता तिथे तो शाबूत राहिला : ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्वाइस, ट्विन. हे सारे दोनाचेच गोत्र. घरच्या कर्त्याने तेवढे आडनाव टाकले, भावंडांनी ते जपले!

मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांनी आपापल्या जागा सोडल्या. भाषाशास्त्रज्ञ याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ म्हणतात. त्या स्थित्यंतरात लांब ‘ओ’चा ‘ऊ’ झाला आणि दोन्ही शब्द ‘टू’वर येऊन थांबले.

नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला आपले छापयंत्र मांडले. छापील अक्षर हळूहळू स्थिरावू लागले. जीभ मात्र सरकतच होती. इंग्रजी स्पेलिंग घोकताना शाळकरी मुले ज्या मूक अक्षरांना शिव्या देतात, ती बहुतेक त्या काळी खणखणीत उच्चारली जात होती. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातला आरंभीचा ‘क’ सतराव्या शतकापर्यंत ऐकू येत होता, आणि मधला, आज मुका झालेला वर्ण घशातून ‘ख’सारखा निघत असे. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ अजून तसाच बोलला जातो. ‘क’ गेला, ‘ख’ गेला, आणि सरदार व रात्र एकाच ध्वनीत येऊन बसले. ‘मीट’ म्हणजे भेटणे आणि ‘मीट’ म्हणजे मांस, हे दोनही पूर्वी वेगळ्या स्वरांनी ओळखले जात.

उलट प्रकारही घडला. ‘फ्लावर’ म्हणजे फूल आणि ‘फ्लावर’ म्हणजे पीठ, हा मुळात एकच फ्रेंच शब्द. दळलेल्या गव्हाचा सर्वांत उत्तम भाग तो गव्हाचे ‘फूल’, अशी ती कल्पना होती. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही त्यांची वेगळी स्पेलिंगे नाहीत. एकाच शब्दाला दोन वेष चढवले ते पुढे, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हा निव्वळ अडगळीचा माळा नव्हे. कानाने गमावलेला भेद डोळ्याने राखण्याची ती व्यवस्था झाली. मराठीलाही हे परके नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक बोलताना बहुधा पुसला जातो. तो सांभाळते ती लेखणी.

विसाव्या शतकात बिनतारी संदेश आला आणि डोळा बाजूला पडला. विमानतळाच्या मनोऱ्यातून येणाऱ्या आवाजाला स्पेलिंग नसते; खरखर असते, घाई असते, आणि बोलणारा व ऐकणारा बहुधा वेगवेगळ्या देशांचे असतात. म्हणून विमानवाहतुकीने आकड्यांचे उच्चारच ठरवून दिले. तीनाला ‘ट्री’, पाचाला ‘फाइफ’, नवाला ‘नायनर’. चाराचा उच्चार तर मोठा गमतीचा : ‘फोअर’, स्पष्ट दोन अवयवांत. जुन्या इंग्रजीत चाराचा शब्द ‘फेओवर’ असाच दोन अवयवांचा होता. भाषेने शतकानुशतके झिजवलेला अवयव वैमानिकांनी नकळत परत आणला.

सुबांगच्या अपघाताचे सारे खापर एका शब्दावर फोडणे अन्यायाचे होईल. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र विमानात वाजत होते, तरी विमान वर उचलले गेले नाही. आदेशही प्रमाण पद्धतीने दिलेला नव्हता. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे पूर्ण म्हटले असते, तर ‘थाउजंड’ या एका शब्दाने दोनाला त्याच्या जागी खिळवून ठेवले असते.

दोनाचा उच्चार मात्र नियमपुस्तकांत आजही ‘टू’ असाच आहे; ‘व’ काही कोणी परत आणला नाही. तेव्हा माघार दुसऱ्या ‘टू’ला घ्यावी लागली. अमेरिकी नियंत्रक ‘डिसेंड अँड मेंटेन’ म्हणून थेट उंची सांगतात. ब्रिटिश पद्धतीत ‘फ्लाइट लेव्हल’ सांगताना त्याआधीचा ‘टू’ गाळायचा असतो.