मागून ढकलणारी विमाने

संपादक मंडळाने माझ्याकडे 'निवृत्तीनंतरचा छंद' या विषयावर दोन पाने मागितली. मी रबरावर उडणारी जुन्या धाटणीची छोटी विमाने करतो, हे तुकडीतल्या बहुतेकांना आता ठाऊक आहे. पण दोन पाने माझ्याविषयी काय लिहायचे? त्यापेक्षा या विमानांचाच इतिहास सांगतो. तो माझ्यापेक्षा रंजक आहे.

माझे विमान पाहिले की प्रत्येक जण विचारतो, "अरे, पंखा उलट्या बाजूला कसा?" तर मित्रहो, तो उलटा नाही. नाकावर प्रोपेलर असलेले, हवेतून स्वतःला ओढत नेणारे विमान आपल्या डोळ्यांत बसले आहे. प्रोपेलर शेपटाकडे असला की तो विमानाला मागून ढकलतो, म्हणून इंग्रजीत त्याला 'पुशर' म्हणतात. आणि विमानविद्येची सुरुवात या ढकलण्यापासूनच झाली.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने जाणकार मंडळींसमोर एक खेळणे उडवून दाखवले. वडील आरमारात अॅडमिरल. पण कमरेच्या सांध्याच्या आजारामुळे पोराला आरमाराचा रस्ता बंद झाला होता. खेळण्याची लांबी जेमतेम अर्धा मीटर आणि वजन सोळा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या कर्कटकाहूनही कमीच असावे. एक काडी, मध्ये पंख, मागे छोटे शेपूट आणि शेपटाच्याही मागे प्रोपेलर. काडीखाली ताणलेले रबर पिळायचे आणि सोडायचे. ते सुमारे चाळीस मीटर उडाले. वेळ, अकरा सेकंद.

पिळलेल्या रबराची युक्ती पेनोचीच. त्याआधीच्या उडत्या खेळण्यांत धनुष्यासारख्या वाकलेल्या पट्ट्या किंवा घड्याळाच्या स्प्रिंगा असत. मला मात्र त्याची दुसरी करामत मोठी वाटते. त्याने पंखांची टोके वर वळवली आणि शेपूट पंखाच्या तुलनेत थोडे खाली झुकलेल्या कोनात बसवले. त्यामुळे नाक खाली गेले तर विमान आपोआप ते वर उचलते, आणि एका कुशीवर कलले तर सावरते. चालवणारा कोणी नाही, तरी तोल राहतो. आज प्रवासी विमानात आपण निर्धास्त डुलकी काढतो, त्यामागचे एक मूळ तत्त्व त्या सोळा ग्रॅममध्ये होते.

दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, अमेरिकेतल्या डेटन गावी ऑर्व्हिल राइटचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण पुढचा भाग योगायोग नाही. १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी प्रवासातून येताना मुलांसाठी एक खेळणे आणले. बांबू, बूच, कागद आणि पिळलेले रबर असलेले ते हेलिकॉप्टर पेनोच्याच आराखड्यावरचे होते. ऑर्व्हिल सात वर्षांचा, विल्बर अकराचा. ते मोडले तेव्हा दोघांनी स्वतः नवी केली, मग मोठी करू लागले. आणि आकार वाढवला की ती नीट उडत नाहीत, हेही त्यांना तेव्हाच कळले.

पंचवीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर त्यांचे खरे विमान उडाले. पहिले उड्डाण बारा सेकंद, अंतर १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर. पेनोच्या खेळण्याशी आकडे ताडून पाहा! दोन प्रोपेलर, दोन्ही मागे, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. मात्र तोल सावरणारे छोटे पंख त्यांनी पुढे नेले होते, आणि हे विमान स्वतःचा तोल राखत नसे. वैमानिकाला ते क्षणोक्षणी सांभाळावे लागे. विमान आपोआप स्थिर असावे हा पेनोचा ध्यास, तर ते माणसाच्या ताब्यात असावे हा राइट बंधूंचा. शाळेत आपण फक्त दुसऱ्यांचे नाव पाठ केले. माझ्या मते अर्धे श्रेय पहिल्याचे आहे.

पेनोच्या वाट्याला मात्र काही आले नाही. १८७६ साली त्याने सहकाऱ्यासह माणसे नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. त्यात आत घेता येणारी चाके होती, काचेचे छत होते, एकाच दांडीने चालणारी नियंत्रणे होती. पैसे द्यायला कोणी पुढे आले नाही, उलट टीका झाली. १८८० च्या ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

त्याची युक्ती पोरांच्या हाती मात्र राहिली. १९१० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत शाळकरी मुलांमध्ये 'ट्विन पुशर'चे वेड पसरले. मी करतो ती हीच. इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट, टोक पुढे. टोकापासून दोन्ही पायांच्या शेवटापर्यंत ताणलेली दोन रबरे आणि तिथे दोन प्रोपेलर. मोठा पंख मागे, छोटा पुढे. पुढचा पंख जरा चढ्या कोनात असतो, त्यामुळे विमान फार वर डोके काढू लागले की आधी त्याचीच उचल संपते, नाक खाली येते आणि मोठा पंख तग धरतो. प्रोपेलर उलटसुलट फिरतात, म्हणून विमान एका बाजूला मुरडत नाही. उतरताना नाक आपटले तरी मेहनतीने कोरलेले प्रोपेलर सहसा वाचतात, हा मुलांना पटणारा फायदा. दोन्ही रबरे एकदम पिळायला ही मुले आईचे अंडी फेटायचे हातयंत्र पळवत आणि त्याला दोन आकडे बसवत. १९११ साली चार्ल्स वेकफील्ड यांनी लंडनमध्ये अशा विमानांसाठी सुवर्णचषक दिला. रबरावरच्या विमानांच्या जागतिक स्पर्धेतला मुख्य गट आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडेही पहिले टपाल पुशरनेच गेले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, ते हंबर-सोमर विमान मागून ढकलले जाणारेच होते.

मग प्रोपेलर पुढे का गेला? मागचा प्रोपेलर पंखांनी आधीच घुसळलेल्या हवेत फिरतो. अपघातात मागचे इंजिन वैमानिकाच्या पाठीवर येते. पहिल्या महायुद्धात समोर मोकळी बंदूक चालवता येते म्हणून इंग्रजांनी काही काळ पुशर लढाऊ विमाने वापरली. पण फिरत्या पात्यांमधून गोळी झाडणारी यंत्रणा आली आणि तेही कारण संपले. खेळण्यांनी मोठ्यांची नक्कल केली आणि १९३० नंतर ट्विन पुशर मागे पडली. ती कायमची गेली नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे 'सारस' २००४ साली उडाले, त्याचे दोन्ही प्रोपेलर मागे होते. 'रुस्तम-१' या आपल्या मानवरहित विमानाचाही मागेच आहे.

आता थोडे हस्तकलेच्या सरांसाठी, कारण हा अंक त्यांच्याकडे जाणार आहे. सर, तुम्ही आकाशकंदिलाच्या वेळी शिकवलेत की कामटी आतल्या बाजूने तासायची, पाठीची साल राखायची, ताकद सालीत असते. शंभर वर्षांपूर्वीची ती पोरेही बांबू असाच तासत आणि पंखांची टोके मेणबत्तीवर वाकवत. बाल्सा लाकूड त्यांच्यापर्यंत अजून पोचायचे होते. माझ्या विमानाची चौकट पाइनच्या पट्ट्यांची, तीन फूट लांब. पंखांच्या कडा बांबूच्या. वर पतंगाचा कागद. रबराला एरंडेल चोळतो, म्हणजे पिळताना ते स्वतःवर घासून तुटत नाही. प्रोपेलर कोरायला प्रत्येकी दोन संध्याकाळ लागतात, आणि दुसरा पहिल्याचा आरशातला जुळा व्हावा लागतो. तो कोरताना राइट बंधूंविषयीचा आदर फार वाढतो. सहाशे पिळांवर हे विमान चाळीस सेकंद राहते, वारा नसेल तर थोडे जास्त.

मेळाव्याच्या दिवशी ते घेऊन येतो आहे. शाळेचे मैदान पुरेल, फक्त नाश्त्याच्या आधी, वारा सुटायच्या आत उडवावे लागेल. पिळताना एकाने नाक धरायचे आणि दुसऱ्याने रबरे ताणून यंत्र फिरवायचे, म्हणजे दोघे लागतात. सर, नाक तुम्ही धरावे अशी विनंती आहे.