हिरवळीचा हट्ट आणि प्लास्टिकचं गवत

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी केली. मोडणाऱ्याला 5,000 रुपये दंड. तेव्हापासून अनेक जण विचारतात, अंगणातली लॉन काढून कृत्रिम गवत टाकावं का? आधी इतिहास पाहू.

मोगलांच्या चारबागेत फळझाडं, फुलझाडं आणि पाण्याचे पाट असत. ताजमहालासमोरची आजची मोकळी हिरवळ लॉर्ड कर्झनच्या काळातली. थंड, पावसाळी देशातली ही हौस छावण्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून आपल्या कडक उन्हाळ्यात आली. तिथे आभाळ जे फुकट देतं, ते इथे नळानं द्यावं लागतं.

कृत्रिम गवताला नाव मिळालं ते अमेरिकेत, ह्यूस्टनला. तिथलं ॲस्ट्रोडोम हे छताचं स्टेडियम 1965 साली उघडलं. पारदर्शक छतातून डोळ्यांवर तिरीप येई, चेंडू दिसेना. छत रंगवलं, तर ऊन न मिळून गवत मेलं. 1966 साली नायलॉनचं गवत अंथरलं, तेच ॲस्ट्रोटर्फ. पाणी वाचवण्याचा तेव्हा विचारही नव्हता.

आपल्याला त्याचा चटका 1976 साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये बसला. हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत सातवा आला. पुढे मोठ्या सामन्यांसाठी जे टर्फ रूढ झालं, ते तर खेळाआधी पाण्यानं भिजवावं लागतं!

पाण्याचा खरा हिशेब मांडला लास वेगासनं. कोलोरॅडो नदी आटू लागली, तसे तिथल्या जल प्राधिकरणानं लॉन उखडणाऱ्यांना पैसे दिले. त्यांच्या मते, दर चौरस फुटामागे वर्षाला सुमारे 208 लिटर पाणी वाचतं. 2021 साली नेवाडानं कायदाच केला: रस्त्याकडेच्या, कार्यालयांपुढच्या नुसत्या शोभेच्या गवताला 2027 पासून नदीचं पाणी मिळणार नाही. घरगुती अंगणं त्यातून वगळली.

म्हणजे पाणी वाचतं ते लॉन काढल्यानं. तिच्या जागी प्लास्टिकच हवं असं नाही. ते उन्हात सजीव गवतापेक्षा फार तापतं, थंड करायला पुन्हा पाणी मारावं लागतं आणि जुनं झालं की कचरा होतो. मुलं रोज खेळत असतील तर जरूर टाका. नाहीतर आपली हरळी आहे, जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा हिरवी होते. चार महिने पिवळं अंगण पाहायची तयारी तेवढी हवी.