चाक जमिनीला धरून

मोटरसायकलवरून लडाखला जाण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. जुन्या बुलेट सगळीकडे जात होत्या, तेव्हा ना लांब सस्पेन्शन होते ना खास टायर. मग आता त्यांचे एवढे कौतुक कशाला? युक्तिवाद रांगडा आहे आणि ऐकायला बराही वाटतो, पण तो इतिहासाला धरून नाही. ज्या बुलेटचा दाखला दिला जातो, तिची ओळखच मुळी सस्पेन्शनमधल्या एका धाडसी बदलामुळे झाली, आणि तो बदल तेव्हाच्या जाणकारांना अजिबात पसंत नव्हता. लांबच्या प्रवासाची मोटरसायकल कच्च्या रस्त्यावर कितपत निभावेल, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा तिचे चाक किती वेळ जमिनीला धरून राहते यावर ठरत आले आहे. गेल्या शंभर वर्षांत ही गोष्ट दर पिढीला नव्याने पटवून द्यावी लागली, आणि दर वेळी आक्षेप जवळजवळ तोच होता.

मोटरसायकलच्या पहिल्या दिवसांत ‘ऑफ-रोड’ असा वेगळा प्रकार नव्हता, कारण शहराबाहेर बहुतेक रस्ते कच्चेच होते. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढची कित्येक दशके गचके झेलण्याचे मोठे काम त्या हवेवरच पडले. पुढच्या चाकाला स्प्रिंगचा फोर्क लवकर मिळाला, पण मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे. स्वाराच्या बुडाखाली स्प्रिंगची सीट दिली की मागच्या बाजूचे काम झाले, अशी समजूत होती. तिच्यातली चूक उघड आहे. सीटची स्प्रिंग स्वाराला वाचवते, चाकाला नाही. दगडावर आदळलेले चाक सगळ्या गाडीला घेऊन उडते, आणि हवेत असलेले चाक ना ओढ देते, ना ब्रेक लावते, ना वळते. इटलीतल्या मोटो गुझ्झीने 1928 साली मागच्या चाकालाही स्प्रिंग दिलेली 500 सीसीची प्रवासी गाडी बनवली, तेव्हा अशी लवचीक चौकट भरवशाची नाही अशी शंका लोकांनी घेतली. ती फेडण्यासाठी जुझेप्पे गुझ्झी ती गाडी घेऊन थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे निघाला आणि सहा हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून दाखवला. गाडीला पुढे ‘नॉर्जे’ हे नाव पडले. तरीही मागच्या चाकाचे सस्पेन्शन सर्रास दिसायला आणखी वीस वर्षे जावी लागली. त्या दरम्यान, 1935 मध्ये, बीएमडब्ल्यूने आर 12 या गाडीला तेलाने उसळी आवरणारा दुर्बिणीसारखा फोर्क बसवला आणि पुढच्या चाकाचा प्रश्न बराचसा सोडवला. मागचे चाक मात्र जखडलेलेच राहिले.

इथे बुलेट येते. 1948 च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि तेलाचे दोन शॉकअप. ट्रायलच्या स्पर्धेत वेगाला किंमत नसते. चिखल, ओढे, सुटे दगड यांतून पाय न टेकवता जायचे असते. त्या खेळातल्या मुरलेल्या मंडळींचे मत पक्के होते की मागचे चाक जखडलेलेच हवे. त्यांचे म्हणणे निव्वळ हटवादी नव्हते. जखडलेल्या चाकावर स्वाराचे वजन थेट पडते, टायर कुठे सुटतोय हे त्याला तत्काळ कळते, आणि स्प्रिंगमध्ये शक्ती वाया जात नाही, असा त्यामागचा तर्क होता. गुळगुळीत चिखलाच्या चढावर तो काही अंशी खराही होता. पण जिथे दगडांच्या पायऱ्या आहेत तिथे जखडलेले चाक प्रत्येक पायरीवर उडते, आणि ते जमिनीवर परत येईपर्यंत गाडीचा जोर संपलेला असतो. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्रिटिश संघातल्या दोन बुलेटनी सुवर्णपदके मिळवली. पुढे जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 मध्ये रॉयल एनफिल्डवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. ज्या मोटरसायकलला आपण साधेपणाचे प्रतीक मानतो, ती तिच्या काळातली सर्वांत पुढारलेली कच्च्या रस्त्याची गाडी होती.

भारतीय सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी हीच गाडी योग्य वाटली, आणि 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबरच्या भागीदारीतून ती मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागली. त्यानंतर मात्र ती जवळजवळ तशीच राहिली आणि बाहेरचे जग पुढे गेले. 1970 च्या आसपास मोटोक्रॉसच्या गाड्यांचे मागचे चाक जेमतेम शंभर मिलिमीटर वर-खाली होत असे. लुसियाँ टिल्केन्स या बेल्जियन प्राध्यापकाने दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप वापरण्याची रचना तयार केली, यामाहाने ती विकत घेतली, आणि 1973 मध्ये हाकन अँडरसनने तिच्यावर 250 सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. दहाएक वर्षांत मोटोक्रॉसच्या चाकांची ही हालचाल तिप्पट झाली. ती लांबी प्रवासी गाड्यांपर्यंत पोहोचायला पॅरिस-डाकार शर्यत कारण ठरली. तिच्या पहिल्या दोन खेपा सिरिल नव्हूने यामाहा एक्सटी 500 या एका सिलिंडरच्या गाडीवर जिंकल्या. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस आणली. 800 सीसीचे इंजिन, पुढच्या चाकाला 200 आणि मागच्या चाकाला 170 मिलिमीटर हालचाल, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची चाक. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओल तिच्यावर डाकार जिंकला. या गाडीपुढची टायरची अडचण आज फारशी कुणाला आठवत नाही. मोठ्या बटनांचे टायर त्या वेगाला आणि त्या वजनाला सलग डांबरावर टिकत नव्हते, म्हणून मेट्झेलरला या गाडीसाठी वेगळा टायर घडवावा लागला. डांबरावर भरवसा आणि मुरमावर पकड देणारा असा मधला टायर गाडीच्या घडणीचाच भाग होता. 1987 साली आलेल्या तिच्या पुढच्या पिढीला तारांच्या रिमवर ट्यूबलेस टायर बसेल अशी आडव्या स्पोकची चाके मिळाली.

आता लडाखकडे वळू. 1974 मध्ये तो प्रदेश पर्यटकांना खुला झाला, 1989 मध्ये मनाली-लेह रस्ता मोकळा झाला, आणि तिथे जाणाऱ्यांच्या हाताशी होती बुलेट, यझ्दी, राजदूत. त्या गाड्या गेल्या आणि परत आल्या, यात वाद नाही. प्रश्न असा की त्या कशाच्या बळावर गेल्या. एक तर धिम्या गतीच्या बळावर: मोरे मैदानाच्या वाळूत आणि नाल्यांच्या गोट्यांत स्वार पायी चालल्याच्या वेगाने जात. दुसरे, वाटेतल्या दुरुस्तीच्या बळावर. कॅरिअरचे वेल्डिंग सुटणे, स्पोक सैल होणे, फोर्कचे ऑइल सील गळणे, शॉकअप निकामी होणे ही मोडतोड अपघाताने होत नव्हती. चाकाने जो धक्का पोटात घ्यायला हवा होता तो सांगाड्यापर्यंत पोहोचल्याची ती खूण होती. रॉयल एनफिल्डच्या अलीकडपर्यंतच्या क्लासिक मॉडेलमध्येही मागच्या चाकाची हालचाल 80 मिलिमीटर होती. स्वार, मागे बसलेला माणूस आणि तंबूसकट सामान चढल्यावर त्यातली किती उरत असेल? बुलेटने लडाख पार केला तो तिच्या स्वारांच्या चिकाटीने, आणि त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माणसाच्या सहनशक्तीचे श्रेय शॉकअपला देता येत नाही.

रॉयल एनफिल्डने स्वतः काय केले, हा यातला सर्वांत बोलका पुरावा. 2016 मध्ये हिमालयन आली तेव्हा तिचे इंजिन 411 सीसीचे आणि मवाळच होते. बदलले होते ते बाकीचे: पुढे 21 इंची चाक, 200 आणि 180 मिलिमीटर हालचाल, पोटाखाली 220 मिलिमीटर जागा, आणि सीएटचे मधल्या नक्षीचे टायर. त्याआधी हिरोने 2011 मध्ये इम्पल्स आणून हाच प्रयत्न केला होता, पण बाजार तयार नव्हता, 2019 मध्ये एक्सपल्स 200 आली तेव्हा तो तयार झालेला होता. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरची वाट उलट बाजूने इथवर आली. 2020 मध्ये ती 19 इंची पुढचे चाक घेऊन डांबराकडे झुकलेली आली, आणि 2025 च्या मॉडेलमध्ये 21 इंचांवर गेली. मोठे चाक दगडावर कमी कोनात चढते आणि खड्ड्यात कमी घुसते. त्याची किंमत म्हणून वळणावर गाडी जरा आळसटते.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण गंभीरपणे घेतो. लांब सस्पेन्शन फुकट मिळत नाही. सीट उंच होते, ब्रेक लावला की गाडी पुढे झुकते, आणि सरासरी उंचीच्या स्वाराचा पाय उतारावर जमिनीला पोहोचत नाही. ज्याचा नव्वद टक्के प्रवास महामार्गावर आणि घाटात होणार, त्याने 300 मिलिमीटर हालचालीच्या मागे लागणे चूकच. पण हलक्या कच्च्या रस्त्याला तेवढी लागतही नाही. 170 ते 200 पुरेशी होते, आणि जी आहे ती नीट जुळवली तर त्याहून कमीतही भागते. बहुतेक गाड्या इथेच वाया जातात. सामान लादल्यावर ‘मागचा शॉकअप कडक करून घे’ असे सांगितले जाते आणि गॅरेजमध्ये स्प्रिंगवरची रिंग दोन खाचा फिरवली जाते. रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिचा जोर तोच राहतो. फक्त गाडी कोणत्या उंचीवरून काम सुरू करते ते बदलते. म्हणून मोजमाप घ्यायला हवे. गाडी उचलून मागचे चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि आसापासून सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग पूर्ण सामान बांधून, हेल्मेट-जॅकेटसह स्वाराने बसावे आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. फरक एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा: 180 मिलिमीटरच्या गाडीत 55 ते 60. हाच फरक 90 असेल तर अर्धे सस्पेन्शन घरासमोरच संपले. आणि तो 20 असेल, तर चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच नाही. रिंग शेवटपर्यंत फिरवूनही आकडा जमत नसेल, तर स्प्रिंगच त्या वजनाची नाही. ती बदलावी किंवा सामान कमी करावे. शॉकअपला रिबाउंडचा, म्हणजे दाबलेले चाक परत खाली येण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू असेल तर तोही पाहावा. आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर चाक परत खाली यायला फार वेळ घेऊ लागले, तर प्रत्येक लाटेगणिक गाडी बसत जाते आणि शेवटी आपटू लागते. तिथे स्क्रू थोडा सैल करणे हाच उपाय.

टायरबाबतही खर्चाआधी विचार करावा. मोठ्या बटनांच्या टायरचे डांबराला टेकणारे रबर कमी असते, ओल्या घाटात त्याचा ब्रेक लांबतो आणि लांबच्या प्रवासात तो लवकर झिजतो. चिखल आणि खोल वाळू हाच मुख्य बेत असेल तर तो घ्यावा. मुरूम, खडी आणि तुटलेल्या घाटासाठी मधल्या नक्षीचा टायर आणि योग्य हवा पुरते. डांबरावर 32 पौंड हवा असेल तर खडीवर 25 च्या आसपास आणली की टायर दगडाला वेढून घेतो आणि बारीक हादरे तोच जिरवतो, म्हणजे 1888 मध्ये ज्यासाठी तो जन्मला तेच काम करतो. पण ट्यूबच्या टायरमध्ये फार खाली जाऊ नये. रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिरडते, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह तुटतो. आणि डांबर लागताच हवा परत भरायची, म्हणून छोटा पंप सोबत हवाच.

लडाख, स्पिती किंवा जवळच्या सह्याद्रीतली एखादी कच्ची वाट, बेत कुठलाही असो. एक्झॉस्ट, जास्तीचे दिवे आणि क्रॅशगार्डवर पैसे घालण्याआधी गाडीवर पूर्ण सामान चढवा, एका मित्राला टेप घेऊन बोलवा आणि ते दोन आकडे मोजून कागदावर लिहून ठेवा.