माणसं शोधणारी माणसं

मंडळी, आमची एक नात पुण्यात 'एक्झिक्युटिव्ह सर्च' नावाच्या व्यवसायात आहे. नातेवाइकांत कोणी विचारलं की ती काय करते, तर आजवर आम्ही 'कंपनीत आहे' एवढं सांगून मोकळे व्हायचो. परवा एका लग्नात एकाने सरळ विचारलं, "म्हणजे नोकऱ्या लावून देते का? आमच्या बंड्याचं बघ म्हणावं." तेव्हा ठरवलं की एकदा हा विषय नीट समजून घ्यायचा आणि इथे लिहून ठेवायचा. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे गाडी बडोद्यावरून जाणार हे गृहीत धरा!

आधी व्यवसाय समजून घेऊ. नोकरी लावून देणारा एजंट उमेदवारासाठी जागा शोधतो. इथे काम उलटं आहे. कंपनीला मोठ्या पदावर माणूस हवा असतो, आणि तिच्या वतीने हे लोक माणूस शोधतात. बहुतेक वेळा असा माणूस नोकरी शोधतच नसतो, दुसरीकडे सुखाने काम करत असतो. त्याला गाठायचं, बोलतं करायचं, पारखायचं. पैसे कंपनी देते, उमेदवाराने एक पैसाही द्यायचा नसतो. नामांकित संस्थांची फी साधारणपणे त्या पदाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते आणि ती बहुधा हप्त्याहप्त्याने मिळते. इंग्रजीत या लोकांना गमतीने 'हेडहंटर' म्हणतात. मुंडकी गोळा करणारे! शब्द रानटी आहे, पण धंदा भलताच सभ्य आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कंपन्या अवाढव्य झाल्या आणि मालकाच्या घरातली, ओळखीतली माणसं पुरेनाशी झाली. तिथून हा व्यवसाय वाढला. १९५३ साली शिकागोत हायड्रिक अँड स्ट्रगल्स, १९५६ साली तिथेच स्पेन्सर स्टुअर्ट, १९६४ साली झुरिकमध्ये एगॉन झेंडर आणि १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये कॉर्न फेरी, अशा संस्था निघाल्या. आपल्याकडे १९९१ च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग ह्या संस्थाही आल्या.

पण गरज काही १९९१ ची नाही. बडोद्याची गोष्ट बघा. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. शोध सुरू झाला तो घराण्याच्या एका दूरच्या शाखेपर्यंत, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावापर्यंत पोचला. तिथल्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला. वय बारा वर्षं, अक्षरओळख नाही. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला.

आता या निवडीत एक गोष्ट लक्षात घ्या. शोध झाला खरा, पण रक्ताच्या कुंपणाच्या आत. गादीसाठी तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. मात्र त्याच वर्षी राज्य चालवायला दिवाण आणला तो कुंपणाबाहेरून. सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी माणूस, आधी त्रावणकोरचे आणि मग इंदूरचे दिवाण. एका संस्थानातला कसलेला कारभारी दुसऱ्या संस्थानाने उचलला. आमची नात याला 'लॅटरल हायर' म्हणते.

सयाजीरावांनी १८८१ साली पूर्ण अधिकार हाती घेतले आणि पुढे आयुष्यभर माणसं शोधली. १८९३ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांना अरविंद घोष भेटले. आय.सी.एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण, पण घोडेस्वारीच्या चाचणीला हजर न राहिल्याने नोकरी हुकलेला तरुण. सरकारने जो टाकला तो महाराजांनी दरमहा दोनशे रुपयांवर घेतला. अरविंदबाबू १९०६ पर्यंत बडोद्यात होते. १९०४ साली महाराजांनी रमेशचंद्र दत्तांना महसुलाच्या कामासाठी बोलावलं. निवृत्त आय.सी.एस. अधिकारी, सरकारच्या जमीन महसुलावर सडेतोड टीका करणारे. टीकाकारालाच म्हटलं, या आणि करून दाखवा! १९०९ साली ते दिवाण झाले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आणले. त्यांनी तीन वर्षांत सार्वजनिक वाचनालयांची घडी बसवून दिली आणि इथल्या लोकांना ग्रंथपालनाचं शिक्षण दिलं. परदेशी तज्ज्ञ नेमताना तो मागे माणसं तयार करून जाईल हे बघणं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

तर इथपर्यंत सगळं छान. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

१९१३ साली बडोदा संस्थानाने एका तरुण पदवीधराला अमेरिकेत शिकायला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. निवड इतकी अचूक की आज शंभर वर्षांनंतरही त्यावर बोट ठेवता येत नाही. १९१७ साली ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले आणि अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात काम शिकू लागले. पण राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोघांनीही अडचण सांगितली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेला.

ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात शिकवताना मी ती अस्पृश्यतेच्या धड्यात सांगायचो, आणि ती तिथलीच आहे. पण नातीचं काम समजून घेतल्यापासून मला तिची आणखी एक बाजू दिसते. माणूस हेरला, खर्च केला, करार केला, आणि तो आला तेव्हा त्याला ठेवून घेण्याची त्या गावाची लायकी नव्हती. राजाची इच्छा होती, पण कारभाऱ्यांची, शेजाऱ्यांची नव्हती. निवडीचं काम नेमणुकीच्या कागदाशी संपत नाही, हे यापेक्षा कडू शब्दांत कोण सांगणार?

नात म्हणते की आजही हाच प्रश्न असतो. संचालक मंडळाला बदल घडवणारा माणूस हवा असतो, पण त्याने काही बदललेलं मात्र नको असतं. म्हणून चांगला शोधकर्ता आधी उमेदवाराला नाही, कंपनीला पारखतो. तिथे खरा अधिकार कोणाचा, आधीचा माणूस का गेला, नवा आला तर कोण त्याचे पाय ओढेल. हे उमेदवाराला खरं खरं सांगावं लागतं. फी देणारा एक, आणि ज्याचं आयुष्य पणाला लागतं तो दुसरा. दोघांशी प्रामाणिक राहणं हीच या धंद्यातली कसोटी.

टाटांचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. रतन टाटांचा वारस निवडायला २०१० साली समिती नेमली, देशापरदेशातली नावं बघितली आणि २०११ साली निवड झाली ती सायरस मिस्त्रींची, जे आधी त्याच समितीचे सदस्य होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुढे २०१६ साली त्यांना पदावरून दूर केलं गेलं. बाजू कोणाची खरी या वादात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की वर्षभर शोधूनही माणूस आणि घर यांचं जुळेलच याची हमी नसते.

आता आमच्या वाचकांतल्या तरुण मंडळींसाठी, या व्यवसायात शिरायचं कसं? सुरुवात बहुधा संशोधनापासून होते. कोणत्या उद्योगात कोण कुठे आहे याचा नकाशा तयार करायचा, लांब यादी करायची, ती गाळत गाळत चारपाच नावांवर आणायची, त्या माणसांबद्दल इतरांकडे गुपचूप चौकशी करायची. काही वर्षांनी मुलाखती, मग कंपन्यांशी थेट व्यवहार, आणि टिकलात तर भागीदारी. बरेच जण आधी एखाद्या उद्योगात दहापंधरा वर्षं काढून मग इकडे येतात. पदवी कोणतीही चालते, पण एक क्षेत्र आतून कळलं पाहिजे. पोटात गोष्ट राहिली पाहिजे. बोलण्यापेक्षा ऐकता आलं पाहिजे. ज्या कंपनीसाठी काम केलं तिचीच माणसं ठरावीक काळ फोडायची नाहीत, असाही नियम असतो. मला वाटतं, आपल्या जुन्या चांगल्या मध्यस्थांचे गुण यापेक्षा वेगळे नव्हते.

शेवटी एक मेहकरची गोष्ट. आमच्या शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. ती त्या दिवशी घडली नव्हती, शतकानुशतकं तिथेच मातीखाली होती. खणणाऱ्याची कुदळ तेव्हा तिथे पोचली, इतकंच. आज माणसं शोधणाऱ्यांच्या याद्या मुंबई-पुणे-बंगलोरच्या मोठ्या कॉलेजांत आणि मोठ्या कंपन्यांतच फिरत राहतात. कवळाण्यापर्यंत जाण्याची तसदी १८७५ साली घेतली गेली ती वंशावळीमुळे. गुणांसाठी तेवढी पायपीट कोणी करेल का, हा प्रश्न मी नातीपुढे ठेवला आहे. ती म्हणाली, "आजोबा, यादी करणारी माणसंच लहान गावांतून आली तर यादी बदलेल."

उत्तर मला पटलं. म्हणून बंड्याच्या वडिलांना सांगणं आहे की नात नोकरी लावून देणार नाही, तो तिचा धंदाच नव्हे. पण बंड्याला या धंद्यात यायचं असेल तर फोन नंबर माझ्याकडून घ्या.