बालसुधारगृहांतील अत्याचार व कायदेशीर उपाय (महाराष्ट्र)

निरीक्षणगृह, विशेषगृह किंवा बालगृहात वास्तव्यास असताना ज्यांच्यावर शारीरिक वा लैंगिक अत्याचार झाले, अशा व्यक्तींना भारतीय कायद्यानुसार फौजदारी फिर्याद, नुकसानभरपाई आणि घटनात्मक दाद असे तीन प्रमुख मार्ग उपलब्ध आहेत. पीडित व्यक्ती सज्ञान झाल्यानंतरही गंभीर गुन्ह्यांची फिर्याद देता येते. ‘बालसुधारगृह’ हा बोलीतील शब्द असून कायद्यात तो वापरलेला नाही. चौकशी चालू असलेल्या विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी निरीक्षणगृह, बाल न्याय मंडळाच्या अंतिम आदेशानंतर विशेषगृह आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी बालगृह अशी विभागणी आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेली डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही या प्रकारच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. पुढे १९२४ चा मुंबई बालक अधिनियम लागू झाला. सध्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अमलात आहे. ठाणे जिल्ह्याचे निरीक्षणगृह भिवंडी येथे आहे, तर विठ्ठलवाडी स्थानकालगतच्या उल्हासनगरात शासकीय बालगृहे आहेत.

महाराष्ट्रातील प्रकरणे

कुलाब्यातील अँकरेज निवारागृहात मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द करून शिक्षा कायम केली. त्या काळी मुलग्यांवरील अत्याचार बलात्काराच्या व्याख्येत बसत नसल्याने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चा आधार घ्यावा लागला होता. पनवेलजवळच्या कळंबोली येथील गतिमंद मुलांच्या वसतिगृहातील अत्याचार २०११ मध्ये उजेडात आले व २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतर आरोपींना दोषी ठरवले.

फौजदारी कारवाई

कोणता कायदा लागू होईल, हे गुन्हा कधी घडला यावर ठरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार नवा फौजदारी कायदा जुन्या कृत्याला लावता येत नाही.

- १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचे लैंगिक गुन्हे : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम (पोक्सो) लागू होतो. मुलगा व मुलगी असा भेद त्यात नाही. निरीक्षणगृहाच्या व्यवस्थापनातील वा कर्मचारी वर्गातील व्यक्तीने तेथील बालकावर केलेला अत्याचार ‘गंभीर स्वरूपाचा’ मानला जातो. १६ ऑगस्ट २०१९ नंतरच्या गंभीर लैंगिक प्रवेशी हल्ल्यास किमान २० वर्षे कारावासाची तरतूद आहे.
- त्यापूर्वीचे लैंगिक गुन्हे : भारतीय दंड संहिता लागू होते. १९८३ च्या दुरुस्तीने सुधारगृहातील कर्मचाऱ्याने तेथील स्त्रीवर वा मुलीवर केलेला बलात्कार अधिक कठोर शिक्षेस पात्र ठरला. ही दुरुस्ती महाराष्ट्रातील मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर झालेल्या देशव्यापी आंदोलनाचे फलित होती.
- मारहाण व क्रूर वागणूक : २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ७५ नुसार संस्थेतील कर्मचारी वा व्यवस्थापकास ५ वर्षांपर्यंत सश्रम कारावास व ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिस्त लावण्यासाठी दिलेली शारीरिक शिक्षाही कलम ८२ नुसार गुन्हा आहे.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीबाहेरील गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. त्यामुळे भिवंडीत घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद विठ्ठलवाडी पोलीस ठाण्यातही नोंदवता येते. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास पोक्सोच्या कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

मुदतीचा प्रश्न

३ वर्षांहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांना फौजदारी कायद्यात मुदतीचे बंधन नाही. बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार कोणत्याही वयात करता येते, असे केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये स्पष्ट केले. केवळ विलंब झाला म्हणून लैंगिक अत्याचाराची फिर्याद अविश्वसनीय ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गुरमितसिंग प्रकरणात (१९९६) मांडले आहे. मात्र साध्या मारहाणीसारख्या किरकोळ गुन्ह्यांची मुदत लवकर संपते. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास न्यायालय ती वाढवू शकते.

दिवाणी दाव्याची स्थिती वेगळी आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार अज्ञान व्यक्तीची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाते, परंतु ही सवलत त्यानंतर ३ वर्षांपेक्षा अधिक मिळत नाही. म्हणजे सर्वसाधारणपणे वयाच्या २१ व्या वर्षी हा मार्ग बंद होतो. संस्थांतील बालअत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशननंतर (२०१३–२०१७) तेथील राज्यांनी अशा दाव्यांवरील मुदत उठवली. भारतात तशी दुरुस्ती झालेली नाही.

नुकसानभरपाई व इतर उपाय

- विशेष न्यायालय पोक्सो प्रकरणात अंतरिम भरपाईचाही आदेश देऊ शकते. त्यासाठी आरोपी दोषी ठरेपर्यंत थांबावे लागत नाही.
- राज्य शासनाच्या मनोधैर्य योजनेतून (२०१३) पात्र महिला व बालकांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो.
- राज्याच्या ताब्यात असताना मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे भरपाई मागता येते. नीलाबती बेहेरा प्रकरणाने (१९९३) हा मार्ग दृढ केला.
- मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. सध्या संस्थेत असलेल्या बालकासाठी १०९८ हा मदत क्रमांक, बाल कल्याण समिती व राज्य बालहक्क संरक्षण आयोग यांच्याकडे दाद मागता येते.

गोपनीयता व पुरावा

पीडिताची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. बालपणीच्या अपराधामुळे पुढील आयुष्यात सर्वसाधारणपणे अपात्रता येत नाही (कलम २४), त्यामुळे जुने प्रकरण उघड होईल या भीतीने गप्प राहण्याचे कारण उरत नाही. मात्र अशा प्रकरणांचे अभिलेख ठरावीक काळानंतर नष्ट करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून वास्तव्य सिद्ध करणाऱ्या प्रवेश नोंदी, वैद्यकीय कागदपत्रे व मंडळाचे आदेश यांच्या प्रतींसाठी शक्य तितक्या लवकर अर्ज करणे महत्त्वाचे ठरते.

हेही पाहा

- बाल न्याय मंडळ
- पोक्सो कायदा
- मनोधैर्य योजना