रुजुवातीचा मुलूख

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके लोकांना ठाऊक असतात ते राजगड, तोरणा, रोहिडा या किल्ल्यांमुळे. याच मुलखाला कागद तपासण्याचाही वारसा आहे आणि तो आज अधिक उपयोगाचा आहे. शिवकालीन अष्टप्रधानांतल्या सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे काम होते राजपत्रांतला अधिकउणा मजकूर शुद्ध करणे, महालांचे हिशेब तपासणे आणि मगच पत्रावर आपले चिन्ह करणे. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आले. ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालेले भोर संस्थान त्यांच्याच पंतसचिव घराण्याचे. आज संगणक साक्षरतेच्या नावाखाली आपण यंत्र चालवायला शिकवतो, सचिवाची तपासणी मात्र शिकवत नाही.

त्या तपासणीचे नाव रुजुवात, एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहणे. साधा सातबारा घ्या. लागवडीयोग्य क्षेत्र ०.८० हेक्टर आणि पोटखराबा ०.१५ असेल, तर एकूण ०.९५ यायलाच हवे आणि खातेदारांच्या हिश्शांची बेरीजही तेवढीच भरायला हवी. नावाजवळचा फेरफार क्रमांक गाव नमुना सहामध्ये काढून पाहिला की ते नाव वारसाने लागले की खरेदीने, हे कळते. शिरवळच्या कारखान्यात साठ्याचा तक्ता सांभाळणाऱ्या भोरच्या मुलीलाही हेच लागते. आवक, जावक आणि शिल्लक यांचा मेळ बसत नसेल, तर चूक मोजणीत आहे की नोंदीत, हे तिला शोधता आले पाहिजे.

कोणी म्हणेल, ही विद्या मूठभरांची होती. मोडी वाचणारे मोजके, कुलकर्णीपण वंशपरंपरेचे; रयतेला स्वतःच्या जमिनीचा कागदही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. हा आक्षेप खरा आहे आणि वतने गेली हे योग्यच झाले. पण मोडायची होती ती मक्तेदारी. कसब सर्वांच्या हाती द्यायचे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. लेखणी त्याच्या हाती आली. आता रुजुवातही यायला हवी.

दुसरा आक्षेप असा की बेरीज यंत्रच करते, मग माणसाने डोके कशाला शिणवावे? यंत्राची बेरीज चुकत नाही हे खरे, पण वेल्ह्याच्या भातखाचरावर कोणी नाचणी नोंदवली, तर यंत्र त्या चुकीचीही बिनचूक बेरीज करते. नोंद खरी आहे का, हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. म्हणून इथल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा आपल्याच गावच्या सातबाऱ्याचा असावा. सचिवाचे चिन्ह तपासणीनंतरच उमटे. ‘सबमिट’ दाबणाऱ्या बोटालाही तोच क्रम शिकवला पाहिजे.